चिनीमातीचं विसर्जन

शनिवारी सकाळची शाळा असायची, त्यामुळे तेजस्वी दीडच्या सुमारास घरी पोचायची. त्या शनिवारीही तशीच पोचली. घरापुढच्या खळ्यात स्कूटर लावली, पडवीत चपला काढल्या, आणि आत पाऊल टाकताच तिला धुपाचा वास आला. डिसेंबरातला साधा शनिवार. ना सण, ना कोणाचं श्राद्ध. भाईंनी देवाला धूप घातला असेल, म्हणून ती पुढे झाली आणि तिथेच थांबली.

माजघरातलं काचेचं कपाट सताड उघडं होतं. पाचही फळ्या रिकाम्या.

त्या फळ्यांवर एकशे त्रेचाळीस मूर्ती होत्या. चिनीमातीच्या, कार्टून सिनेमांतल्या पात्रांच्या. सकाळी सव्वासहाला डबा भरताना तिने त्या पाहिल्या होत्या. म्हणजे मुद्दाम पाहिल्या नव्हत्या. आपण घरातली माणसं जशी पाहतो, तशा. आता एकही नव्हती.

चोरी, असं तिच्या मनात आलं. ती कपाटाजवळ गेली. प्रत्येक फळीवर हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती. चिमूट चिमूट अक्षता होत्या, आणि मधोमध दूर्वांची एकेक जुडी. दूर्वा अजून ओल्या होत्या.

चोर दूर्वा ठेवून जात नाहीत. ती मटकन खाली बसली.

तेजस्वी मूळची बांद्याची. वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. ती आठ वर्षांची असताना टायफॉइडने महिनाभर अंथरुणाला खिळली, तेव्हा पेडण्याहून कापड घ्यायला येणाऱ्या एका बाईने तिला एक मूर्ती आणून दिली होती. लाल मफलर घातलेलं हत्तीचं पिल्लू, वीतभर उंचीचं. त्याचं नाव पिपो, तो एका सिनेमातला आहे, एवढंच त्या बाई म्हणाल्या होत्या. तो सिनेमा तेजस्वीला पाहायला मिळाला तो थेट तिच्या मुलीच्या वेळी, घरी संगणक आल्यावर. तोवर तिच्याजवळ पन्नासच्या वर मूर्ती झाल्या होत्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जुनी घरं मोडताना निघालेल्या सामानात, आणि पुढे फोनवरच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर तिने त्या एकेक करून शोधल्या. छत्रीवाली उंदरीण. घड्याळं दुरुस्त करणारं घुबड. एका सिनेमातले सात भाऊ बेडूक जमवायला तिला अकरा वर्षं लागली. सहावा भाऊ पोर्तुगालहून आला.

कट्टा गावच्या हायस्कूलमध्ये ती क्लार्क होती. तिथल्या बायका हसायच्या. "तेजस्वी, अजून भातुकली संपली नाय तुजी?" नवरा निलेश हसायचा नाही, पण त्याला त्यात गोडीही नव्हती. कपाट मात्र त्यानेच करून दिलं होतं. मुलगी तन्वी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिच्यासाठीही ते नुसतं आईचं कपाट झालं होतं.

त्या मूर्तींना मान द्यायचे ते एकटे भाई.

भाई म्हणजे तिचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. अख्खी वाडी त्यांना भाई म्हणायची, म्हणून घरातही भाईच. घराच्या मागे त्यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, होती. एक्कावन्न वर्षं बत्तीस घरांचे गणपती त्यांच्या हातचे. आषाढात लोक आपापला पाट आणून द्यायचे, चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावरून गणपती घरी न्यायचे. माती फक्त शाडूची. दुसरं काही वापरलं तर हात झडतील, असं ते म्हणायचे. तेजस्वी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीतून निघालेला तो पिपो त्यांनी हातात घेऊन किती तरी वेळ फिरवून पाहिला होता. "रंग भाजून बसवलोहा," ते म्हणाले होते. "करणाऱ्याचो हात बरो आसा." पुढे मूर्ती वाढल्या, तसा रविवारी सकाळी दोघांचा एक कार्यक्रमच ठरून गेला. ती मऊ फडक्याने एकेक पुसायची आणि भाई शेजारी बसून चेहरे बघायचे. "डोळे बघ गो. बाकी सगळा कोणय करतलो. डोळे काढूक कळाक होये."

अशा माणसाच्या नजरेखाली असलेलं कपाट रिकामं झालं होतं.

तिने निलेशला फोन लावला. कट्ट्याच्या एसटी थांब्याजवळ त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं.

"माजे भावले गेले," ती म्हणाली.

"खंय गेले?"

"म्हायत नाय. कपाट उघडा आसा. रिकामा."

"कडी मोडलली हा?"

"नाय. आणि भाई घरात नाय."

"मी येतंय. तू कशाक हात लावू नको."

ती उठून मागे गणपतीच्या शाळेत गेली. तिथेही कोणी नव्हतं. भिंतीला टेकवून ठेवलेले दोन मोठे पाट जागेवर नव्हते. भाईंची काठीही नव्हती. ती परत माजघरात आली, तेवढ्यात मागच्या दारातून शेजारची मथुराकाकी आत आली. साठीची बाई, काजूची बाग एकटीने सांभाळणारी. तिच्या हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर गूळखोबरं.

"प्रसाद घे गो," काकी म्हणाली. "तुका मुद्दाम ठेवलो."

"कसलो प्रसाद?"

"विसर्जनाचो. भाईंनी तुका सांगूक नाय?"

"कोणाचा विसर्जन, काकी?"

मथुराकाकीने कपाटाकडे हात केला. "त्या देवांचा. भाई माका म्हणाले, शाळेत रवलले गणपती हत, लोक न्हेऊक इलेच नाय, असे वर्षभर ठेवचे नसतत. मी म्हटलंय, तेंका ठावक असताला. चार फेरे मारले आमी. मोठे ते पाटार, बारके रोवळेत. देवाक काय बरा गाऱ्हाणा घातल्यानी! मी सारख्या होय म्हाराजा, होय म्हाराजा म्हणत होतंय."

तेजस्वी तिच्याकडे बघतच राहिली. "काकी, तुमका दिसला नाय? हत्ती होतो, उंदीर होतो, बेडूक होते..."

"हत्ती तेचोच गो. उंदीरय तेचोच." काकी अगदी मनापासून सांगत होती. मग तिचा आवाज जरा उतरला. "बेडूक बघून माका कसासाच वाटला. पण भाईंका कोण इचारतला?"

तेजस्वीच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, ते तिला स्वतःलाही कळलं नाही. काकीच्या हातातलं पान खाली पडलं. "अगो, काय चुकला काय?"

तेजस्वी धावत सुटली.

काजूच्या बागेतून उतरत व्हाळाकडे, खालच्या ओढ्याकडे, पायवाट जायची. वाडीतले सगळे गणपती तिथल्या डोहात, कोंडीत, पोचवायचे. पावसात तांबडं गढूळ असणारं ते पाणी डिसेंबरात तळ दिसेल इतकं नितळ होतं. काठावरच्या कातळावर भाई बसले होते. अंगावर ओला पंचा, केस पाण्याने नीट मागे बसवलेले, कपाळावर गंध. चेहरा असा शांत, जसा काम वेळेत झाल्यावर होतो.

"उशीर केल्यात," ते म्हणाले. "सगळे पोचले."

तिने पाण्यात पाहिलं. वर जास्वंदीची फुलं तरंगत होती. खाली, कुठे कमरेइतक्या तर कुठे त्याहून खोल पाण्यात, ते सगळे पडले होते. कोणी आडवा, कोणी पालथा, काही चक्क उभे. छत्रीवाली उंदरीण उभी होती आणि पाण्याच्या हालचालीने तिचा चेहरा हलल्यासारखा वाटत होता. एकाचाही रंग गेला नव्हता. एवढ्या डोळ्यांनी ते खालून वर बघत होते. तिने झाडाचं खोड धरलं.

"भाई, ह्या काय केल्यात तुमी?"

भाईंनी तिच्याकडे पाहिलं. नजर सौम्य होती, अदबीची होती. शाळेत येणाऱ्या गिऱ्हाइकांकडे ते जसे बघायचे, तशी.

"तुमी खंयच्या?" त्यांनी विचारलं. "तुमचो पाट होतो काय माज्याकडे? नाव सांगा."

तेजस्वीला आधी वाटलं, ते थट्टा करताहेत. "भाई, मी तेजस्वी."

"खंयची तेजस्वी?"

"तुमची सून."

भाई मोकळेपणाने हसले. "माज्या झिलाचा अजून लगीन खंय झाला?"

ती एकवीस वर्षं त्यांच्या घरात राहत होती. त्याच सकाळी सहा वाजता तिने त्यांना पेज वाढली होती आणि त्यांनी, लोणचा संपला काय गो, असं विचारलं होतं. समोर तोच माणूस होता, तोच आवाज, तेच हात. आणि तिला ते ओळखत नव्हते. पाण्यातल्या मूर्ती तिच्या मनातून एका क्षणात निघून गेल्या. ती काहीच न बोलता त्यांच्यापासून दोन हात दूर कातळावर बसली, कारण जवळ बसलं तर चालेल की नाही तेच कळेना.

दहाएक मिनिटांनी निलेश उतारावरून धावत आला. मथुराकाकीने त्याला वाटेत गाठलं असावं. त्याने पाण्यात बघितलं, मग बापाकडे बघितलं, आणि तो ओरडला, "भाई! येडे झालास काय तुमी?"

भाई दचकले. मार खाल्लेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला. ते उठायला गेले आणि पाय घसरून परत खाली बसले.

"गप रव," तेजस्वीने निलेशचा दंड घट्ट धरला. "तेंनी माका वळखूक नाय. गप रव तू."

निलेश खाली बसला आणि त्याने भाईंचा हात धरला.

दोघांनी मिळून त्यांना घरी आणलं. सुकं नेसवलं. ते निमूट झोपले आणि पाच वाजता उठून, रोजच्यासारखे, चहाला माजघरात आले. कपाटासमोर त्यांचे पाय थांबले.

"अगो तेजस्वी! भावले खंय गेले?"

भाईंनी कपाटाचं दार ओढून पाहिलं.

"चोर इलो? मी घरातच होतंय मरे! माका जाग कशी येवक नाय?"

"चोर नाय, भाई," निलेश कसाबसा म्हणाला. "धुवूक काढले हत."

"असा होय." त्यांनी सुस्कारा सोडला. "माका हाक मारूक होई होती. बेडकांक जपान धर गो, पाय नाजूक हत तेंचे."

तेजस्वी मान हलवून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. दुपारी त्यांनी ओळखलं नाही तेव्हा जेवढी भीती वाटली होती, त्याहून जास्त आता वाटत होती.

रविवारी सकाळी, भाई अजून झोपलेत असं पाहून, दोघं बादल्या आणि जुनी गोधडी घेऊन व्हाळावर गेली. तेजस्वी कमरेपर्यंत पाण्यात उतरली. पाणी असं गार की श्वास अडकत होता. ती वाकून एकेक मूर्ती उचलायची आणि निलेश ती काठावर गोधडीवर मांडायचा. काहींचे कान गेले होते. तिसरा बेडूक दोन तुकड्यांत निघाला. एरवी तिला रडू आलं असतं. पण ती नुसती उचलत राहिली.

थोड्या वेळाने मथुराकाकी आली. रात्रभर झोपली नसावी. तीही पाण्यात उतरली.

"माजाच चुकला," काकी शेवटी म्हणाली. "माका कळाक होया होता. चतुर्थेकच कळाक होया होता."

"चतुर्थेक काय झाला?" निलेशने विचारलं.

काकीने पदराने तोंड पुसलं. "आमच्या गणपतीक एकच डोळो होतो, बाबा. घराक हाडून तोंडावरचा फडक्या काढला, तर डावो डोळो काढलोच नाय. घोव म्हणालो, कोणाक सांगू नको, भाईंचा नाव जायत. तेणी काळो रंग हाडून डोळो काढल्यान."

निलेश हातातली मूर्ती तशीच धरून उभा होता. "माका सांगूक नाय?"

"कसा सांगूचा? एक्कावन्न वर्सांत कदी असा झाला नाय. आणि आमीच न्हय. आणखी दोन घरात कायकाय झालला. कोण बोललो नाय."

म्हणजे वाडीला ठाऊक होतं. तीन महिने ठाऊक होतं, आणि भाईंचा मान राखायचा म्हणून सगळे गप्प बसले होते. ठाऊक नव्हतं ते फक्त त्यांच्या ताटाला ताट लावून जेवणाऱ्या दोघांना. तेजस्वी पाण्यात उभी राहून दर रविवार आठवू लागली. त्यांच्याशेजारी बसून तिने शेकडो चेहरे पुसले होते. गेले काही महिने ते बोलायचे कमी. एकच मूर्ती पुन्हा पुन्हा हातात मागायचे. तिला वाटलं होतं, आवडली असेल.

"विरघळूक नाय?"

तिघंही एकदम वळले. भाई पायवाटेवर उभे होते. काठी नव्हती, पायात चप्पल नव्हती. ते गोधडीवरच्या मूर्तींकडे बघत होते.

"एक रात्र झाली. शाडू एका रातीत चिखल होता. हे असेच्या असे कसे?" ते गुडघ्यांवर बसले. "मी काय घातलंय मातयेत? पीओपी घातलंय? माज्या हातान?"

"भाई, घराक चला," निलेश म्हणाला.

ते ऐकत नव्हते. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले, जणू ते खरंच झडताहेत का ते बघायला. "देव पाण्यात गेले नाय रे. माज्या हातचे देव पाण्यात गेले नाय. आता मी लोकांका काय सांगू?"

तेजस्वीने म्हातारी माणसं घाबरलेली पाहिली होती, आजारात, मरणाच्या दारात. अशी भीती तिने कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती. खोटं बोलून त्यांना घरी नेता आलं असतं. निलेश डोळ्यांनी तेच सांगत होता. ते संध्याकाळी विसरलेही असते. ती पाण्यातून बाहेर आली. हातात घड्याळवालं घुबड होतं. तिने ते त्यांच्या पुढ्यात धरलं.

भाईंनी ते घेतलं, खालून तळवा देऊन, मूर्ती घ्यायची असते तसं. अंगठा फिरवला. कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी नखाने टिचकी मारली. टण्ण असा बारीक आवाज आला. पुन्हा मारली.

"ही कच्ची माती न्हय," ते हळूच म्हणाले. "भाजलली हा. वर काच चढवलीहा."

"होय."

"ह्यो गणपती न्हय."

"नाय, भाई."

"मगे हो कोण?"

"घुबड. माजो भावलो."

ते तिच्याकडे बघत राहिले.

"तेजस्वी," ते म्हणाले.

मग त्यांची नजर परत गोधडीवर गेली. ओळीने मांडलेले बेडूक, उंदीर, परीच्या टोपीतला कुत्रा. पाण्यावरची कालची फुलं. कातळावर पडलेल्या अक्षता. मथुराकाकी तोंडात पदर कोंबून उभी होती.

"ह्या कोणी केला?"

कोणीच बोललं नाही, आणि त्यातच त्यांना उत्तर मिळालं असावं. त्यांनी बोट स्वतःच्या छातीला लावलं. "मी?"

"होय," तेजस्वी म्हणाली.

"तेजू!" निलेश दबल्या आवाजात ओरडला.

भाईंनी हाताने त्याला थांबवलं. "आणखी काय केलंय मी? सगळा सांग. अर्धा सांगू नको."

तिने सांगितलं. भिजलेल्या साडीत, थंडीने दात वाजत असताना, तिने सगळं सांगितलं. चार फेऱ्या, गाऱ्हाणं, त्यांनी तिला तुम्ही खंयच्या म्हणून विचारलं ते, निलेशच्या लग्नाचं ते बोलले तेही. पुढे कित्येक दिवस तिला प्रश्न पडायचा की आपण तेव्हा बरोबर वागलो का. पण त्यांनी विचारलं होतं, आणि विचारणारे भाई पुन्हा कधी भेटतील याची तिला खात्री नव्हती. डोळ्याची गोष्ट सांगताना मात्र तिचा आवाज फुटला. तेवढी मथुराकाकीनेच पुरी केली.

एकच डोळा, हे ऐकल्यावर भाईंनी कानशिलात बसल्यासारखी मान वळवली. मग ते काठी नसताना, निलेशच्या खांद्याला धरून उठले आणि मथुराकाकीसमोर जाऊन त्यांनी हात जोडले.

"भाई, नको, नको तसा करू!" काकी मागे सरली आणि रडत रडत चढणीला लागली.

"माका डॉक्टराकडे कदी न्हेतलास?" भाईंनी विचारलं.

बुधवारी त्यांना कुडाळला नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, डोक्याचा फोटो काढून आणायला लावला, पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. तेव्हा तिघांना समोर बसवून म्हणाले, "काका, हा विसर पडत जाण्याचा आजार आहे. गोळ्यांनी त्याचा वेग थोडा कमी होईल. पण जे गेलंय ते परत येणार नाही."

भाई सरकारी ऑफिसात गेल्यावर बोलायचे तशा शुद्ध मराठीत बोलले. "मूर्तीचे डोळे किती दिवस काढता येतील?"

डॉक्टर गोंधळले. तेजस्वीने थोडक्यात समजावलं. ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही, काका. खोटं कशाला बोलू?"

येताना निलेश गाडी चालवत होता. वाटेतल्या एका वळणावर भाई एकाएकी म्हणाले, "येत्या चतुर्थेक शाळा घालूची नाय. आषाढात लोक पाट घेवन येतले, तेंका परत धाडूक नको. आधीच सांगाक होया. आणि ता मीच सांगतलंय. मी आसंय तोपर्यंत."

कोंडीतून एकशे एकोणीस मूर्ती निघाल्या. त्यांतल्या चौदा फुटलेल्या. बाकीच्या गाळात गेल्या की प्रवाहाबरोबर, कळलं नाही. तेजस्वीने होत्या तेवढ्या पुसून कपाटात लावल्या. निलेशने आणलेलं कुलूप तिने लावलं नाही. तिला मूर्तींचं दुःख झालं नाही असं नव्हतं. सहावा बेडूक मिळाला नाही, याचं झालंच. पण कामावरून परत घरात शिरताना तिच्या छातीत अजून धस्स होतं, आणि तेव्हा ती कपाटाकडे बघत नाही. आधी भाईंची आरामखुर्ची बघते, मग त्यांचा चेहरा, आणि ते काय म्हणून हाक मारतात त्याकडे कान देते.

जानेवारीत रविवारी सकाळी भाई आणि तेजस्वी निघू लागली. बत्तीस घरं, एका रविवारी चार किंवा पाच. भाई स्वच्छ धोतर नेसायचे. घरात शिरल्यावर बसायचेही नाहीत. उभ्यानेच सांगायचे, "माज्या आता ध्यानात रवणा नाय. देवाच्या कामात चूक नको. तुमी औंदा गणपती दुसरीकडसून हाडा." बायका रडायच्या. पुरुष खाली बघायचे. पहिल्याच घरात एका म्हाताऱ्याने त्यांचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. तेजस्वी दारात उभी राहायची. प्रत्येक घरात तिला नव्याने धक्का बसायचा, ते वाक्य पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

तिसऱ्या रविवारी ती दोघं प्रीतमच्या घराशी पोचली. प्रीतम आंब्याचा बागायतदार, निलेशचा वर्गमित्र. तेजस्वी त्याच्या घरावरून पुढे जायला लागली, कारण इथे गेल्याच रविवारी येऊन झालं होतं. पण भाई कुंपणाच्या बेड्यातून आत वळले. तिने हाक मारेपर्यंत ते खळ्यात उभे होते.

प्रीतम आणि त्याची बायको दीपिका पोफळं सोलत बसली होती. दोघं उठली. भाईंनी काठी टेकली, घसा साफ केला आणि गेल्या रविवारी सांगितलं होतं ते सगळं, शब्दाला शब्द, पुन्हा सांगितलं.

प्रीतमने तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग तो भाईंकडे वळला. त्याने आधी कधीच न ऐकल्यासारखं शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाला, "बरा केलात येवन सांगितलात, भाई. बसा. चाय घेवन जावा."

दीपिका चहा टाकायला आत गेली होती. भाई बाकड्यावर टेकले आणि तेजस्वीकडे बघून म्हणाले, "बस गो. ह्या एक घर झाला."